नावाच्या आधीची जागा

भिकननाना, एक विचारतो. समजा, तुमची वही एक सांगते आणि तुमचे डोळे दुसरंच सांगतात. वही तुमच्याच हातची, डोळेही तुमचेच. भरवसा कुणावर ठेवाल?

घाई करू नका, चहा येतोय. मघाशी तुम्ही हसत म्हणालात, "शेठ, पोराच्या नावाआधी आत्ताच कॅप्टन लिहून टाका, म्हणजे पुन्हा चाळीसगावहून फेरी नको." थट्टेनं म्हणालात, मला कळलं. आणि मग सांगितलंत की जानेवारीत तो खडकवासल्याला जाणार, तीन वर्षं तिथं, एक वर्ष देहरादूनला, दोन हजार तीनच्या डिसेंबरात खांद्यावर तारा लागणार. तेव्हा माझ्या हातातला खडू खाली पडला, तो मात्र थट्टेनं पडला नाही. म्हणून दुकानाचं अर्धं शटर ओढून घेतलंय. गिऱ्हाईक आलं तर येईल उद्या.

मी शाळा शिकलो चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं शिकलो ती पेट्यांच्या झाकणांवर. चाळीस वर्षं या धुळ्याच्या आग्रा रोडवर पत्र्याच्या पेट्या विकतोय. फौजेत कधी गेलो नाही, पण फौज माझ्या दुकानातून जाते. काळी पेटी, वर पांढऱ्या ऑइलपेंटनं नाव, आणि नावाच्या आधी हुद्द्यासाठी सोडलेली जागा. बढती झाली की साहेब सुटीवर येतो, आमचा निंबा पेंटर टर्पेंटाइननं जुना हुद्दा पुसतो आणि नवा घालतो. नाव तेच राहतं.

पेटी परत आली की तिच्या पोच्यांवरून मला नोकरी वाचता येते. कोपरे शाबूत असले म्हणजे साहेब शिकवणीच्या जागेवर होते. कडीला गंज, झाकणाला चरे, म्हणजे सरहद्दीवर. शांततेच्या काळात बढती घड्याळासारखी चालते. दोन वर्षं, सहा वर्षं, अकरा वर्षं. लढाई लागली की ते घड्याळ मोडतं. एक मेजरसाहेब याच बाकावर बसून सांगायचे, एकाहत्तर साली त्यांच्या तुकडीला मुदतीआधीच पास करून थेट सरहद्दीवर धाडलं. "आमचा शेवटचा धडा खंदकात झाला, शेठ." त्याच तुकडीतला एक जण त्या चौदा दिवसांत आघाडीवर होता, तो वर वर चढत गेला. दुसऱ्याला नेमकी तेव्हाच कावीळ झाली. तो जन्मभर लोकांना सांगत राहिला की मला कावीळ झाली होती.

आणि तिसरा एक असतो. तो यादीतूनच निघून जातो.

ही माझी नावांची वही. पैशाची नाही, ती वेगळी. कुणाच्या पेटीवर काय लिहिलं, कोणत्या तारखेला, एवढंच यात असतं, कारण अक्षरं उडतात आणि लोक विचारायला येतात. झालेलं कामच वहीत लिहायचं, व्हायचं काम लिहायचं नाही, हा माझ्या वडिलांचा नियम. तो मी एकदाच मोडला.

ब्याऐंशीचा जून होता. दोन पोरं आली, दोघंही खडकवासल्याला निघालेली. एक सोनगीरचा हिलाल अभिमन पाटील. काळासावळा, काटकुळा, सगळे दात दाखवून हसणारा. वडील तो लहान असतानाच गेलेले, आई धुरपदाबाईंनी शेतावर राबून शिकवलेला. दुसरा सावद्याचा लीलाधर चौधरी, केळीवाल्यांचा मुलगा, गोरागोमटा. दोघांची ओळख मुलाखतीला झालेली. मी लीलाधरला म्हटलं, "जळगाव सोडून इकडं कसे?" तो म्हणाला, "सोनं जळगावचं, शेठ. पत्रा धुळ्याचा, असं हा म्हणतो." हिलाल म्हणाला, "आते घे ना पेटी, लिल्या, भाषण नंतर कर." त्याला लिल्या म्हणणारा जगात तो एकटाच.

चार वर्षांनी, शहाऐंशीच्या जूनमध्ये, हिलाल आला तो खांद्यावर तारा लावून. बरोबर आई, आईच्या हातात पेढ्यांचा पुडा. लीलाधर नव्हता. देहरादूनला शेवटच्या सहामाहीत चर ओलांडताना त्याचा उजवा घोटा मोडला होता आणि तो एक सहामाही मागं पडला होता.

"आम्हा दोघांना एकच पलटण हवी होती," हिलाल म्हणाला, "आणि जागा एकच होती. मार्कांनी ती त्याचीच होती. तो पडला म्हणून मला मिळाली. म्हणजे मी त्याच्या जागेवर चाललोय, शेठ."

"आणि तो?"

"तो सहा महिन्यांनी येईल, दुसऱ्या पलटणीत. आता जन्मभर यादीत माझ्या खाली. आमच्याकडं सगळं यादीवर चालतं. जे काही यायचं, ते वरच्याला आधी." आणि हसला.

निंबानं पेटीवर सेकंड लेफ्टनंट घातलं. धुरपदाबाईंनी आपल्या अहिराणीत विचारलं, "आखो मोठं कव्हय लिखाई?" म्हणजे याहून मोठं कधी लिहिलं जाईल. हिलालनं बोटांवर मोजून तारखा सांगितल्या. पेढ्यानं माझंही तोंड गोड झालेलं. मी म्हटलं, "अक्का, हा कर्नल होईपर्यंत याच्या नावाआधीचं सगळं लिखाण दुकानाकडून भेट." आणि बोललो ते पक्कं व्हावं म्हणून त्याच भरात वहीत उतरवलं. जून अठ्ठ्याऐंशी, लेफ्टनंट. जून ब्याण्णव, कॅप्टन. जून सत्त्याण्णव, मेजर. त्याच्या पुढं लेफ्टनंट कर्नल, तारीख कोरी.

"ती कोरीच राहू द्या," हिलाल म्हणाला. "ती घड्याळावर नसते. ती निवडीनं मिळते, नाहीतर लढाई देते."

डिसेंबरात लीलाधर आला, लंगडत. त्याच्याही तारखा मी खालच्या ओळीत लिहिल्या.

सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरात हिलालची पलटण लंकेत उतरली. जाफन्याच्या एका गल्लीत तो गेला. सगळी नोकरी सोळा महिन्यांची. दहन तिकडंच झालं. घरी अस्थी आल्या आणि पेटी आली, किल्ली पाकिटातून वेगळी. धुरपदाबाईंनी किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली, पण पेटी उघडली नाही. लीलाधर त्या दिवशी महूला वर्गात बसून शिकत होता. याच आग्रा रोडनं सरळ गेलं की महू.

मी वही काढली होती, ओळ खोडायला. पण पेढे आठवले. वही तशीच मिटली.

पुढच्या जूनमध्ये धुरपदाबाई दुकानात आल्या. बाकावर बसल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही सोनगीरले उन्थात का?"

"नाही अक्का, मी कुठं आलो? का?"

"पेटीवर नवं लिखेल शे."

मला वाटलं, निंबाला कणव आली आणि तो परस्पर जाऊन लिहून आला. त्याला हाक मारली. तो ब्रश पुसत म्हणाला, "शेठ, गेलेल्या माणसाला बढती देणारा मी कोण? मी जिवंत आहे, मला तरी तुम्ही दिलीत का?"

दोघं जाऊन पाहून आलो. नावाआधी लेफ्टनंट. निंबा पेटीपुढं उकिडवा बसून किती तरी वेळ अक्षरं न्याहाळत होता. परतीच्या बसमध्ये, पार धुळं आल्यावर, बोलला, "हात माझाच आहे, शेठ. इंग्रजी टीची आडवी दांडी मीच अशी ओढतो. पण मी लिहिलेलं नाही."

दुकानात येऊन वही उघडली. काम झालं की मी त्या ओळीपुढं एक टिंब देतो. जून अठ्ठ्याऐंशीच्या पुढं टिंब होतं.

ब्याण्णवच्या जूनमध्ये कॅप्टन. सत्त्याण्णवच्या जूनमध्ये मेजर. एक दिवस अलीकडं नाही, एक दिवस पलीकडं नाही. दर वेळी धुरपदाबाई पेढे घेऊन यायच्या आणि मी ते खायचो. काय करणार? त्या म्हणायच्या, "मना पोऱ्या नोकरीवर शे, भाऊ." ताठ मानेनं म्हणायच्या. त्यांना खोटं पाडायला माझ्याजवळ काय होतं? माझी वहीही तेच सांगत होती.

आता यंदाची गोष्ट. मे महिना. पेपरात कारगिलच्या बातम्या नुकत्या यायला लागल्या होत्या. दुपारी बारा वाजता लीलाधर दुकानात आला. मेजर झालेला, कानांजवळ केस पिकलेले. सुटीवर होता, सुटी रद्द झाल्याचा फोन आला होता. संध्याकाळी चाळीसगावला जाऊन रात्रीची गाडी धरायची होती.

"शेठ," तो म्हणाला, "बारा वर्षांत लढाई सोडून मी सगळं पाहिलं. माझ्याबरोबरचे लंकेहून पदकं घेऊन आले. एक जण लाकडी पाय घेऊन आला. मी तेव्हा शिकत होतो, आणि नंतर फळ्यावर बाण काढून दुसऱ्यांना शिकवत होतो. मेसमध्ये मला विचारतात, चौधरी, तू कुठं होतास? काय सांगू? माझा घोटा मोडला होता?"

मला कावीळवाला आठवला. 

"जाण्याआधी हिलालची पेटी पाहायचीय. तुम्ही पत्रात लिहिलं होतंत. तेव्हा हसलो होतो."

शिरपूर बसनं सोनगीरला उतरलो तेव्हा एक वाजला असेल. नाना, खानदेशातली मेची दुपार तुम्हाला काय सांगायची. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. ट्रकवाले झाडाखाली ट्रक लावून झोपलेले. किल्ल्याची टेकडी उन्हात पांढरी पडलेली. एरवी सोनगीरात तांबटांची ठोकाठोक सतत कानावर असते, पण त्या वेळी तीही थांबलेली. कुत्रं भुंकत नव्हतं. आपल्याच पावलांचा आवाज मोठा वाटत होता, आणि लीलाधरचं एक पाऊल किंचित ओढत पडत होतं.

धुरपदाबाईंचं धाब्याचं घर, दोन खोल्या. त्यांनी गुळाचा खडा आणि पाणी दिलं. लीलाधरकडं बघत राहिल्या. मग उठून मागच्या खोलीचं दार ढकललं.

आधी वास आला. टर्पेंटाइनचा. नुकताच कुणी बोळा फिरवावा तसा ओला. त्या बंद खोलीत ना खिडकी, ना वारा. डोळे अंधाराला सरावले तेव्हा पेटी दिसली. नाव होतं, पांढरं स्वच्छ. नावाआधीची जागा मात्र पुसलेली. मेजर गेला होता. काळा पत्रा ओला चमकत होता.

"कव्हापासून असं?" मी विचारलं.

"आठ दिन व्हयनात. सुकत नही."

मी हात लावला आणि मागं घेतला. बाहेर त्या उन्हात पत्रा हातात धरवला नसता. ती पेटी बर्फासारखी गार होती.

लीलाधर दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. हळूच म्हणाला, "पुढची बढती घड्याळावर नसते…"

धुरपदाबाई जमिनीवर बसल्या. पदर सारखा केला. "भाऊ," मला म्हणाल्या, "तुमनी वहीमाईन त्यानं नाव काढी टाका."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. इतकी वर्षं ज्या बाईनं बढतीचे पेढे वाटले, ती हे म्हणत होती.

"रोज सकाय पेटीमा बूट वाजतस," त्या म्हणाल्या. "तो निंघस. मी आयकस. बठ्ठास्ना पोरे सुटीवर येतस, मनाच येस नही. तुम्ही लिखं म्हणीसन त्याले जानं पडस. थकी गया व्हई तो, भाऊ… आते त्याले घर येवू द्या."

सगळ्यांची पोरं सुटीवर येत होती, त्यांचंच येत नव्हतं. माझ्या एका हौसेच्या ओळीनं तो पोरगा बारा वर्षं पहाऱ्यावर उभा होता, असं त्या सांगत होत्या, आणि मला ते खरं वाटत होतं. म्हटलं, "अक्का, आज परत गेलो की खोडतो."

"नको," लीलाधर म्हणाला.

तो पुढं आला आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. एवढा मेजर, पण आवाज पार खाली गेलेला. "माय, मी चाललोय वर. तिकडं डोंगरावर. माझ्या हाताखाली शंभर पोरं आहेत. दोन लहान मुली घरी आहेत." त्यानं पेटीकडं बोट केलं. "यादीत हिलाल माझ्या वर आहे… तो आहे तोवर जे यायचं ते आधी त्याच्याकडं जातं. बारा वर्षं गेलं. एकदा तो माझ्या जागेवर गेला, ते मी मागितलं नव्हतं. आज मागतो. मी परत येईपर्यंत ओळ राहू दे."

मला वाटलं, ती आता उठून त्याच्या थोबाडीत मारेल. मारली असती तरी मी तिला दोष दिला नसता. जिवंत माणूस तिच्या गेलेल्या मुलाला आणखी एकदा पुढं उभा राहा म्हणत होता.

तिनं पेटीवरच्या नावावरून एकदा बोट फिरवलं. मग लीलाधरच्या उजव्या पायाच्या घोट्यावर हात ठेवला, जिथं तो मोडला होता तिथं.

"बारा साल ऱ्हायना," ती म्हणाली, "आखो दोन महिना ऱ्हाई. तू ये, बाप्पा. तू उना की मंग खोडा."

आम्ही उठलो. दार ओढताना आतून एकच आवाज आला. टण्.

तापलेला पत्रा टणकतो, हे मला नका सांगू, जन्म गेलाय पत्र्यात. ती पेटी गार होती.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात धुरपदाबाई पहाटेच्या पहिल्या बसनं आल्या. निंबा दुकान झाडत होता. त्या पायरीवरच बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "पेटी फुटनी."

निंबाला घेऊन गेलो. पेटीच्या डाव्या बाजूला, मूठ जाईल एवढं भोक. पत्र्याचं भोक मला वाचता येतं, नाना. बाहेरून मार बसला तर कडा आत वळतात. या कडा बाहेर वळलेल्या होत्या, फुलाच्या पाकळ्यांसारख्या. कुलूप शाबूत, किल्ली म्हातारीच्या गळ्यात. मी हात भोकाजवळ नेला. आतून गार वारा येत होता. निंबा म्हणाला, "शेठ, चला." तो एरवी मला चला म्हणत नाही.

पंधरा दिवसांनी लीलाधरचं पत्र आलं, इस्पितळातून. हे बघा, वहीतच ठेवलंय. लिहितो, "रात्रभर चढून आम्ही कड्याखाली पोचलो. तेवढ्यात मागून कुणी तरी म्हणालं, 'मांगे सर, लिल्या.' मी दोन पावलं मागं सरलो. मी उभा होतो तिथं गोळा पडला. दगड उडून उजवा घोटा पुन्हा मोडला, बाकी काही नाही. शेठ, माझ्या सगळ्या कंपनीत अहिराणी बोलणारा एकही माणूस नाही." तारीख तीच, पेटी फुटली ती.

लीलाधरचं नाव पदकासाठी गेलंय म्हणतात. मेसमध्ये आता कुणी विचारत नाही, तू कुठं होतास. दोन पावलांनी त्याची सगळी नोकरी फिरली.

दिवाळीनंतर तो काठी टेकत आला. धुरपदाबाईंना सोनगीरहून त्यानंच गाडी करून आणलं. या बाकावर दोघं बसले, मी वही उघडली, आणि लाल शाईनं हिलालची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत खोडली. पट्टी लावून, सरळ. बाईंनी शेजारी अंगठा उठवला. निंबा साक्षीला होता. मग चौघं सोनगीरला गेलो आणि त्यांनी पहिल्यांदा पेटी उघडली.

आत घडी घातलेला गणवेश, एक स्वेटर, आईची पत्रं. फाटलेलं काही नाही, जळलेलं काही नाही. तळाशी बुटांचा जोड. सोळा महिन्यांच्या नोकरीतले बूट, नाना. त्यांचे तळ झिजून आरपार भोकं पडली होती, आणि चामडं ओलं होतं.

लीलाधरनं काठी भिंतीला लावली आणि सलाम केला. धुरपदाबाईंनी बूट पदरानं पुसले, उन्हात ठेवले. त्या दिवसापासून आवाज बंद. परवा बाजारात भेटल्या तर चेहरा निवांत. म्हणाल्या, "तो घर शे आते." वीस पावलं चालल्यावर मागं वळून पुन्हा म्हणाल्या, "झोपस."

इथं गोष्ट संपली असती, तर मी शटर ओढलं नसतं.

आज सकाळी, तुम्ही दुकानात पाय ठेवण्याआधी तासभर, तुमचा निरोप होता म्हणून तुमच्या मुलासाठी पान काढायला वही उघडली. हे पान. बघा. हा बाईंचा अंगठा. हा आहे ना? आणि ही हिलालची ओळ. लाल रेघ कुठं दिसते? मीही चष्मा पुसून पाहिलं. कागद खरवडलेला नाही, शाई फिकटलेली नाही. रेघ नाहीच. माझ्या या हातानं मी ती मारली होती, या डोळ्यांनी पाहिली होती, नाना, चार माणसांत. निंबाला विचारलं असतं, पण तो भाचीच्या लग्नाला चार दिवस झाले शिरपूरला गेलाय.

आणि आता ओळीचं शेवटचं टोक बघा. लेफ्टनंट कर्नल. तारीख कोरी होती, तेरा वर्षं कोरी होती. बोट लावू नका, चिकटेल… शाई नाही ती. पांढरा ऑइलपेंट आहे, ब्रशनं लिहिलेला. अजून ओला आहे.

डिसेंबर, दोन हजार तीन.

सकाळी मला या तारखेचा अर्थ लागला नाही. तुम्ही बोललात आणि लागला. तुमचा पोरगा देहरादूनहून बाहेर पडेल तो महिना.

घरी आलेला माणूस पुन्हा का निघाला, हे मला माहीत नाही. सोनगीरला मी अजून कळवलेलं नाही, तुम्हीही कळवू नका. ती बाई झोपली आहे तोवर झोपू द्या. बूट उन्हात आहेत की नाहीत, हेही मी विचारायला जाणार नाही. त्यानं कुणासाठी ती तारीख घातली, की कुणी त्याच्याकडून ती मागून घेतली, हेही ठाऊक नाही. लीलाधर जिवंत आहे, एवढं मला ठाऊक आहे.

म्हणून तुमच्या मुलाच्या नावाआधी मी आज काहीच लिहिणार नाही. जागा मोकळी सोडतो. पेटी घेऊन जा, आणि एवढं ऐका. घरी एक वही ठेवा. पोराच्या नोकरीचा हिशोब तिच्यात खरा लिहा. गेला तो दिवस, पास झाला तो दिवस, सुटीवर आला तो दिवस, जखमी झाला तर तोही. झाला तेवढाच दिवस लिहा. हौसेनं एक दिवस पुढचा घालू नका, भीतीनं एक दिवस गाळू नका. आणि एखाद्या सकाळी वही उघडल्यावर तुमच्या पोराच्या नावाच्या वर दुसरं नाव दिसलं… तर ते खोडू नका.